मोबाईलची पेठ आणि बाहेरचा माल

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहीजण म्हणतील की, हा तर कंपन्यांचा आणि वकिलांचा विषय. आम्हां शेतकऱ्यांना आणि शिक्षकांना त्याचे काय? पण तसे नाही. २०२१ साली महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने आपल्याच मोबाईलवरून करण्याची पद्धत आली. बँकेचे व्यवहार, हवामानाचा अंदाज, मुलांचा अभ्यास, सारे त्याच डबीत आले. तेव्हा त्या डबीत काय शिरावे आणि काय शिरू नये हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तुमच्या माझ्या घरातला झाला आहे.

मोबाईल हे नुसते यंत्र. त्याला कामाला लावणारी जी आज्ञावली, तिला आपण ॲप म्हणतो. हे ॲप येते कोठून, असे विचारले तर बहुतेकजण म्हणतील, ‘प्ले स्टोअरवरून.’ म्हणजे एका पेठेतून. अशा दोन मोठ्या पेठा आहेत. १० जुलै २००८ रोजी ॲपल कंपनीने आयफोनसाठी आपली पेठ उघडली. त्या दिवशी तीत सुमारे ५०० ॲप होती. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात गूगलने अँड्रॉइडच्या फोनांसाठी दुसरी पेठ मांडली, आणि २०१२ पासून ती गूगल प्ले या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या देशात शंभरांतले नव्वदांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे, त्यामुळे खेड्यात आपला संबंध येतो तो मुख्यतः गूगलच्या पेठेशी.

या दोन पेठांत एक फरक आहे, तो नीट ध्यानात घ्या. ॲपलचे गाव तटबंदीचे. त्याला एकच वेस, आणि वेशीवर ॲपलचा पहारेकरी. वेशीतून न आलेला माल सामान्य माणसाला त्या फोनवर घेताच येत नाही, निदान युरोपात २०२४ साली कायदा बदलेपर्यंत तरी कोठेच येत नव्हता. अँड्रॉइडच्या गावाला मोठी वेस आहेच, पण बाजूने एक पायवाटही आहे. ॲपची मूळ फाईल असते, तिला एपीके म्हणतात. ती मित्राकडून घ्या, एखाद्या संकेतस्थळावरून घ्या, फोनच्या सेटिंगमध्ये परवानगी द्या, की ती चढली. ज्या वस्तीवर टॉवरची रेंज धड नव्हती, तेथे २०२० साली शेअरइटवर बंदी येण्यापूर्वी शिक्षकांनी एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये अशी कितीतरी ॲप पाठविली. इंटरनेटचा एक पैसाही न खर्चता सबंध वर्गाला पाढ्यांचे ॲप मिळे. ही पायवाटेची मोठीच सोय होती.

आता आडतीकडे वळू, कारण सगळी भांडणे तेथूनच सुरू होतात. बाजार समितीत माल नेला की आडत, हमाली, तोलाई आपणांस नवी नाही. ॲपच्या पेठेतही आडत आहे आणि तिचा मूळ दर शेकडा ३० आहे. ती सगळ्या मालावर नाही हे मात्र सांगितले पाहिजे. ॲप फुकट असेल, किंवा ॲपमधून तुम्ही खताची गोणी अथवा रेल्वेचे तिकीट घेत असाल, तर आडत नाही. ॲपच्या आतच जो माल वापरावयाचा, म्हणजे धडे, गाणी, मासिक वर्गणी, खेळातली साधने, त्यावर ती आहे. लहान विक्रेत्यांसाठी दोन्ही कंपन्यांनी २०२१ साली हा दर १५ वर आणला. कोणी म्हणेल, पेठ चालवायची म्हणजे खर्च आहे, मालाची तपासणी आहे, राखण आहे. खरे आहे. आडत मुळीच नको असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण ती कोणी ठरवावी, आणि पटली नाही तर गाडी दुसऱ्या बाजाराकडे वळविता येते का, हे विचारावेच लागते. आपल्याकडे २०१६ साली फळे आणि भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली, आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते, ते आठवून पाहा. वाटा मोकळ्या झाल्या की कोणाच्या तरी पोटात गोळा येतोच.

अमेरिकेत असेच घडले. एपिक गेम्स नावाची कंपनी आहे, तिचा फोर्टनाइट हा खेळ जगभरच्या मुलांना ठाऊक आहे. १३ ऑगस्ट २०२० रोजी तिने खेळाच्या आतच आपला स्वतःचा गल्ला मांडला आणि तेथे पैसे भरणाऱ्यास माल स्वस्त दिला. त्याच दिवशी ॲपल आणि गूगल या दोघांनीही तो खेळ आपापल्या पेठेतून उचलून बाहेर टाकला, आणि त्याच दिवशी एपिकने दोघांवरही दावे लावले. मौज अशी की, निकाल निरनिराळे लागले. तटबंदीवाले ॲपल सप्टेंबर २०२१ मध्ये बहुतेक मुद्द्यांवर जिंकले. फक्त, ‘बाहेर स्वस्त मिळते’ हे गिऱ्हाईकाला सांगण्यास विक्रेत्याला मनाई करू नका, एवढे न्यायालयाने बजावले. पायवाट ठेवणारे गूगल मात्र डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीपुढे हरले, आणि जुलै २०२५ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम झाला. हे उलटे कसे? तर पायवाट नकाशावर असली, तरी फोन बनविणाऱ्यांशी आणि बड्या खेळ-कंपन्यांशी असे करार झालेले होते की, त्या वाटेने फारसे कोणी जाऊच नये. ‘आमचे गाव सर्वांना मोकळे’ असे सांगावयाचे आणि वाटेवर काटे पसरावयाचे, हे ज्यूरीला पटले नाही. ॲपलचेही पुढे फार बरे झाले असे नाही. न्यायालयाच्या हुकमानंतर त्याने बाहेरचा पत्ता दाखविण्याची मुभा दिली, पण बाहेर झालेल्या विक्रीवरही शेकडा २७ आडत लावली! हा हुकमाचा जाणूनबुजून केलेला भंग आहे, असे ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायाधीशांनी ठरविले.

युरोपात कायद्यानेच तट फोडला. ७ मार्च २०२४ पासून तेथील आयफोनवर दुसऱ्यांच्या पेठा येऊ देणे ॲपलला भाग पडले, आणि एप्रिलमध्ये ऑल्टस्टोअर नावाची एक छोटी पेठ तेथे सुरूही झाली. पण ॲपलने वेस उघडली ती जकात नाका बसवून. नव्या शर्ती पत्करणाऱ्याचे ॲप दहा लाखांहून अधिक वेळा घेतले गेले, तर पुढच्या प्रत्येक प्रतीमागे वर्षाला अर्धा युरो, असे तेव्हा ठरविले. जपाननेही असाच कायदा केला आणि तो १८ डिसेंबर २०२५ पासून पुरता अमलात आला.

परदेशच्या या गोष्टी दूरच्या वाटत असतील, तर रेडिओचेच उदाहरण घ्या. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. लोकांची संगीताची अभिरुची सुधारावी या हेतूने त्यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद करून टाकली. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. शास्त्रीय संगीतासाठी त्या काळात आकाशवाणीने पुष्कळ केले. पण लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरविला आणि सिलोन लावले. बिनाका गीतमाला ऐकावयास घरोघरी गर्दी जमू लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि सिनेगीतांना आपल्या घरात पुन्हा मानाची जागा मिळाली. रेडिओ ठेवावयास पोस्टातून परवाना काढावा लागे हे खरे, पण काट्याला कोणी कुलूप घातले नव्हते. संच बनविणाऱ्या कंपनीनेच, ‘यावर आम्ही मान्य केलेली केंद्रेच लागतील,’ असे ठरविले असते, तर विविध भारती इतक्या लवकर आली असती का, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आपल्या देशातही हा प्रश्न ऐरणीवर आला. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने गूगलला दोन दंड ठोठावले, एक १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा आणि दुसरा ९३६ कोटी ४४ लाखांचा. पहिल्या निकालात आयोगाने असेही सांगितले होते की, बाहेरून ॲप चढविण्यावर गूगलने आडकाठी घालू नये आणि दुसऱ्यांच्या पेठांना आपल्या पेठेतून वाटप करू द्यावे. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला, परंतु नेमक्या या दोन सूचना काढून टाकल्या. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६ कोटी ६९ लाखांवर आला. रकमांचे आकडे विसरलात तरी चालेल. पण १ मार्च २०२४ चा दिवस विसरू नका. आडतीच्या वादावरून त्या दिवशी गूगलने नोकरी, ९९एकर्स, भारत मॅट्रिमनी अशी चांगली नावाजलेली भारतीय ॲप एकाएकी पेठेतून काढली. नोकरी शोधणारे आणि स्थळे पाहणारे दोघेही खोळंबले. सरकार मध्ये पडले, बोलणी झाली आणि ती ॲप परत आली. बड्या कंपन्यांसाठी मंत्री बैठक घेतात. एखाद्या तालुक्याच्या गावच्या तरुणाने केलेले ॲप असे निघाले, तर त्याची दाद कोण घेणार?

त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये, फोनपे कंपनीने इंडस नावाची भारतीय पेठ सुरू केली. तीत मराठी धरून बारा भारतीय भाषा आहेत. आता गंमत पाहा. ही पेठ सुरू झाली तेव्हा ती गूगलच्या पेठेतून मिळत नव्हती. ती तिच्या संकेतस्थळावरून, म्हणजे पायवाटेनेच, फोनवर आणावी लागे, आणि आणताना ‘अनोळखी ठिकाणचे ॲप धोक्याचे असू शकते’ अशी पाटी आडवी येई. पायवाट बंद झाली तर अशी नवी पेठ उभी राहणारच कशी?

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग मोकळे सोडा सगळे. श्रोतेहो, घाई करू नका. पायवाटेने जसा मित्र येतो तसा चोरही येतो, आणि गेल्या काही वर्षांत तो फार येऊ लागला आहे. व्हॉट्सॲपवर निरोप येतो, ‘पी. एम. किसानचा हप्ता अडकला आहे, हे ॲप घ्या.’ किंवा, ‘तुमच्या गाडीचे चलन थकले आहे, पावती पाहा.’ लग्नसराईत तर चक्क लग्नपत्रिका येते. पत्रिका पाहण्यास कोण नको म्हणेल? पाठविणारा नंबर ओळखीच्याचा असतो, कारण त्या बिचाऱ्याचा फोन आदल्या दिवशी असाच फसलेला असतो. तुम्ही बोट लावता, फोन विचारतो, चढवू का? तुम्ही हो म्हणता. मग ते ॲप विचारते, तुमचे एसएमएस वाचू का? येथेच सारी मेख आहे. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो. तो तुमच्याआधी चोराला दिसू लागला, की खाते त्याच्या हाती गेलेच. काही ॲप याहून पुढे जाऊन ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी मागतात. ही सोय मुळात अंधांसाठी आणि अपंगांसाठी केलेली आहे. ती चोराला मिळाली तर पडद्यावरचे सगळे त्याला दिसते आणि तुमच्या ऐवजी तोच बटणे दाबू शकतो.

शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी एक साधी खूण आहे. पत्रिका, पावती, फोटो हे चित्र असते किंवा पीडीएफ असते. चित्र पाहण्यासाठी फोनवर काही ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही. आलेल्या फाईलच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत ए, पी, के ही तीन अक्षरे दिसली, तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. चौथीच्या मुलाला ही खूण समजते आणि तो ती घरी जाऊन आजोबांना सांगतो.

अर्थात, वेशीतून आलेले सगळे पाहुणे सभ्य असतात असेही समजू नका. झटपट कर्ज देऊन मागाहून माणसाची अब्रू काढणारी ॲप आपण ऐकली असतील. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ साली पाहिले तेव्हा कर्ज देणाऱ्या सुमारे १,१०० ॲपपैकी ६०० बेकायदेशीर आढळली, आणि ती निरनिराळ्या ऐंशीहून अधिक पेठांत पसरलेली होती. खुद्द गूगलच्या पेठेतून एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात अडीच हजारांहून अधिक कर्जाची ॲप काढावी लागली, म्हणजे तोवर ती पहारेकऱ्याच्या नाकाखाली आत बसलेली होती.

पहारा मात्र हळूहळू शहाणा होत आहे, हेही सांगावयास हवे. पूर्वी अँड्रॉइडमध्ये ‘अनोळखी ठिकाणे’ असे एकच कुलूप होते. ते उघडले की सगळ्यांनाच मोकळे. २०१७ सालापासून प्रत्येक वाटेला वेगळी परवानगी द्यावी लागते. २०२२ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ती ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहजासहजी मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने भारतासाठी असे जाहीर केले की, इंटरनेटवरून वा निरोपातून आलेले ॲप एसएमएस वाचण्यासारखी नाजूक परवानगी मागणारे असेल, तर ते चढण्याआधीच अडविण्याचा प्रयोग करण्यात येईल. मला हा उपाय पसंत आहे. तो वाट बंद करीत नाही. वाटेने येणाऱ्याच्या हातात कोयता आहे का, एवढे पाहतो.

पण ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जे जाहीर केले, त्याविषयी मात्र मला शंका आहे. ॲप कोठूनही येवो, बनविणाऱ्याने गूगलकडे आपली ओळख नोंदविलेली असलीच पाहिजे, नाही तर ते फोनवर चढणार नाही, असा तो नियम. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत, आणि २०२७ पासून इतरत्र, असे त्या वेळी सांगण्यात आले. एफ-ड्रॉइड नावाची एक पेठ २०१० पासून चालू आहे. तीत सगळी ॲप फुकट आणि ज्यांची आज्ञावली कोणीही वाचून पाहावी अशी उघडी. या नियमाने आमचे काम मोडेल, असे त्या मंडळींनी लगेच बजावले. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये गूगलने थोडे नमते घेतले. जाणत्या माणसाला, धोका पत्करतो असे सांगून, नोंद नसलेले ॲप चढविण्याची एक वाट ठेवू, आणि विद्यार्थ्यांसाठी व हौशी लोकांसाठी थोड्या फोनांपुरते साधे खाते ठेवू, असे म्हटले.

ओळख विचारणे वाईट नाही. बियाणे विकणाऱ्यालाही परवाना लागतो. परंतु तो परवाना कृषी खाते देते; शेजारचा बियाणे दुकानदार देत नाही. येथे ज्याची मोठी पेठ, जो आडत घेतो, तोच पायवाटेवरच्या प्रत्येकाचा परवाना तपासणार. कुंपण शेत खाते असे मी म्हणत नाही. पण कुंपणाचा मालक आणि आडत्या एकच असला, तर कुंपण कोठे घालावे हे त्याच्या एकट्याच्या मर्जीवर सोडू नये, असे मला वाटते. सरकारने किंवा एखाद्या तटस्थ संस्थेने हे काम करावे. आणि तसे होत नसेल तर जाणत्या माणसासाठी ठेवलेली वाट खरोखर चालता येईल अशी आहे की केवळ कागदावर आहे, हे आपल्या स्पर्धा आयोगाने पाहावे.

हे मी एवढ्यासाठी म्हणतो की, शिक्षकांच्या हातून या क्षेत्रात चांगले काम झाले आहे. राजस्थानातील अलवरचे शिक्षक इम्रान खान यांनी मुलांसाठी पन्नासहून अधिक ॲप स्वतः शिकून तयार केली, आणि त्यांचा उल्लेख पंतप्रधानांनी २०१५ साली लंडनच्या सभेत केला. आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळांतही कवितांची, पाढ्यांची, इंटरनेटवाचून चालणारी ॲप करणारे गुरुजी निघाले. गूगलच्या पेठेत ॲप ठेवावयाचे तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, ॲपलच्या पेठेत दर वर्षी ९९. गुरुजींनी ते भरावे किंवा न भरावे. पण आपल्या वर्गातल्या तीस मुलांच्या फोनांवर आपलेच ॲप देण्यास त्यांना सातासमुद्रापलीकडच्या कचेरीची परवानगी लागू नये.

गुरुजींना सुचवावयाचे ते एवढेच की, असे ॲप व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. तेथून ते कोठे फिरते आणि कोण त्याच्या नावाने दुसरेच काही पाठवितो, याचा पत्ता लागत नाही. पालकसभेच्या दिवशी समोरासमोर फोनवर चढवून द्या, आणि ॲप कोणती परवानगी मागते तेही दाखवा. पाढ्यांच्या ॲपला एसएमएस वाचण्याचे कारण नाही, हे पालकांनी एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे पुढच्या वेळी त्यांचे बोट आपोआप थबकते. काम झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन दिलेली परवानगी पुन्हा बंद करून ठेवावी.

आणि इतके करूनही कोणी फसलेच, तर लाजेने गप्प बसू नका. प्रथम त्या फोनचे इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून १९३० हा क्रमांक फिरवा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक आहे. लागलीच बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितका पैसा मध्येच अडविता येण्याचा संभव अधिक. ते ॲप काढून टाकण्यापूर्वी त्याचे नाव, निरोप कोणत्या नंबरवरून आला तो नंबर आणि वेळ एका कागदावर लिहून ठेवा. तक्रार देताना ते लागते.